पंचांगात छापलेली गर्दी

सोलापूर जिल्ह्यात गर्दी ऋतूंसारखी ठरलेल्या वेळी येते. आषाढी-कार्तिकीला पंढरपूर, कोजागरीला तुळजापूरची वाट, संक्रांतीला सिद्धेश्वराचा गड्डा. या सगळ्यांच्या मधोमध दिवाळी. कापडगिरण्या थंडावल्या तशी इथली तरुण मंडळी पुण्याकडे वळली, आणि धनत्रयोदशीच्या सुमारास ती सगळी एकदमच घराकडे निघते.

हुतात्मा एक्सप्रेसचं तिकीट हाती असलं की दिवाळी निम्मी झाली असं पुण्यातल्या सोलापूरकराला वाटतं. पूर्वी आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई-सोलापूर वंदे भारत धावते, पण सणाची गर्दी एका गाडीत मावत नाही. उरलेले स्वारगेटवर एसटीकडे जातात, नाहीतर खासगी बसकडे. खासगी बसचं भाडं एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त नसावं, असा नियम राज्य सरकारने २०१८ मध्येच केला. ऐन सणात भाडं विचारून पाहिलं की तो किती पाळला जातो ते कळतं. एसटी बंद पडली तर काय होतं, हे २०१७ आणि २०२१ च्या दिवाळीत दिसलं. दोन्ही वेळा कर्मचाऱ्यांचा संप ऐन सणात होता. कर्मचाऱ्यांच्या मागण्या खऱ्या होत्या आणि स्थानकावर पिशव्या घेऊन बसलेल्या कुटुंबांचे हालही खरे होते.

तिकीट न मिळालेला माणूस उशिरा का होईना, घरी पोहोचतो. पायी निघालेल्याची काळजी जास्त वाटते.

कोजागरीच्या आधी सोलापूरहून तुळजापूरपर्यंतचा सुमारे ४५ किलोमीटरचा रस्ता भाविकांनी भरून जातो. कर्नाटकातूनही हजारो लोक चालत येतात, रात्री ऊन नसतं म्हणून अनेक जण रात्रीच चालतात. वाटेत मंडळं चहा देतात, फराळ देतात, पाय चेपून देतात. त्या दिवसांत या रस्त्यावरची वाहनं दुसऱ्या रस्त्यांनी वळवली जातात. प्रशासनाने केलेल्या चांगल्या कामांत मी हे फार वर धरतो, कारण चालणारा आणि गाडी एकाच डांबरावर अंधारात समोरासमोर येत नाहीत.

३१ ऑक्टोबर २०२२ च्या संध्याकाळी सांगोल्याजवळ जुनोनीला मात्र ते टळलं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या जठारवाडीची दिंडी कार्तिकीसाठी पंढरपूरला निघाली होती. मागून आलेली भरधाव गाडी दिंडीत घुसली आणि सात वारकरी गेले. एकादशी चार दिवसांवर होती. कार्तिकीची तिथी पंचांगात वर्षभर आधी छापलेली असते. दिंड्या दरवर्षी त्याच रस्त्यांनी येतात आणि कार्तिकात अंधार लवकर पडतो, हेही सगळ्यांना ठाऊक असतं.

सणाच्या ओढीने झालेली मोठी दुर्घटना महाराष्ट्राने आधीही पाहिली आहे. १७ जुलै १९४७ ला गटारीसाठी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. फिलिपिन्समध्ये २० डिसेंबर १९८७ ला नाताळच्या तोंडावर मनिलाला निघालेलं डोन्या पाझ हे जहाज तेलवाहू जहाजावर आदळून पेटलं. नोंदीत सुमारे दीड हजार प्रवासी होते, मृत्यू मात्र चार हजारांच्या वर गेले. नाताळाला तिथे घर गाठलंच पाहिजे, आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला. ती ओढ ओळखून डोन्या पाझवर जागा मिळेल तितकी माणसं कोंबली होती.

आषाढीच्या पालख्यांसाठी आळंदी आणि देहूहून येणारे मार्ग रुंद होत आहेत आणि त्यांच्या कडेने चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट आखली आहे. कार्तिकीच्या दिंड्या मात्र सांगली, कोल्हापूर, मराठवाडा अशा सगळ्या बाजूंनी साध्या रस्त्यांनी येतात. त्या आठवड्यात सांगोला, मोहोळ आणि कुर्डुवाडीच्या रस्त्यांवर संध्याकाळनंतर गाड्यांचा वेग कमी करायला लावणारे पोलीस हवेत. दिंडीच्या मागे लाल दिव्याची गाडी हवी, शेवटच्या ओळीतल्या वारकऱ्यांच्या अंगावर चमकते पट्टे हवेत. कोजागरीला तुळजापूरच्या वाटेवर जमतं, तर कार्तिकीला पंढरीच्या वाटेवरही जमायलाच हवं.