शिंदळ माकुडी: कड्यावरचे दुर्मीळ फूल

शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड या गडांच्या कड्यांवर, कातळाच्या भेगांत शिंदळ माकुडी ही वनस्पती वाढते. रुईच्या कुळातली ही वनस्पती जगात फक्त महाराष्ट्रातच, सह्याद्रीतल्या मोजक्या ठिकाणी नैसर्गिकरीत्या आढळते. एकोणिसाव्या शतकात डालझेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिची नोंद केली आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्यावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव दिले.

तिच्या मांसल खोडात पाणी साठते. पावसाळ्यात पाने फुटतात, कोरड्या दिवसांत ती गळतात आणि नुसते खोड तग धरते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात पिवळ्या नक्षीची, गडद लाल, चांदणीसारखी फुले येतात. त्यांचे परागीभवन माश्या करतात.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने एकेकाळी जगातल्या सर्वाधिक संकटग्रस्त बारा वनस्पतींमध्ये तिचा समावेश केला होता. शेळ्यांची चराई, वणवे, दरडी आणि संग्राहकांची हाव हे तिचे मुख्य शत्रू. एकेका कड्यावर थोडीच झाडे असल्याने एका वणव्यातही तिथली सगळी वस्ती संपू शकते.

दिलासा एवढाच, की खोडाच्या तुकड्यापासून ती सहज रुजते. त्यामुळे रोपवाटिकांत रोपे वाढवून ती पुन्हा डोंगरांवर लावण्याचे प्रयत्न झाले आहेत. पण मूळचे कडे सुरक्षित राहिले, तरच हे प्रयत्न टिकतील. गडावर ही वनस्पती दिसली तर छायाचित्र जरूर घ्या, पण फांदी तोडू नका आणि नेमकी जागा समाजमाध्यमांवर जाहीर करू नका.