लेहचे सोनखत आणि फ्लशचा संडास

लेहमध्ये वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणात जुलैतल्या एखाद्या दिवशी तेवढा कोसळतो. सिंधू खोऱ्यातले, सुमारे ३,५०० मीटर उंचीवरचे हे गाव पितो ते बर्फाचे, झऱ्यांचे आणि आता कूपनलिकांचे पाणी. अशा कोरड्या मुलखात मैला पाण्याने वाहून न्यावा, हे जुन्या लडाखींना कसे सुचावे?

त्यांचा संडास कोरडा. वरच्या मजल्यावर मातीच्या जमिनीत एक भोक, कोपऱ्यात मातीचा ढीग आणि फावडे. वापर झाला की वरून माती लोटायची. खालच्या कोठडीत मैला महिनोन्‌महिने कुजतो आणि खत होऊन जवाच्या शेतात जातो. आपल्याकडे ज्याला सोनखत म्हणत, तेच हे.

१९७४मध्ये लडाख पर्यटकांना खुले झाले आणि पुढे हॉटेलांबरोबर फ्लश आला. त्याच्या एका ओढीला पाच-दहा लिटर पाणी जाते. हे पाणी पोचते सेप्टिक टाकीत किंवा नुसत्या शोषखड्ड्यात. सेप्टिक टाकी मैला शुद्ध करते, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. ती फक्त गाळ खाली बसवते. वरचे पाणी जंतूंसकट पुढे जाते. त्यात थंडी! तापमान दहा अंशांनी उतरले की जिवाणूंचे काम साधारण निम्म्यावर येते, त्यामुळे गाळ जिरण्यापेक्षा साचतो अधिक. आणि जी रेताड जमीन हे पाणी शोषते, तिच्यातच कूपनलिका उतरलेल्या आहेत.

२०१७मध्ये लेहमध्ये मैलागाळावरचे शुद्धीकरण केंद्र सुरू झाले. क्षमता दिवसाला १२,००० लिटर, म्हणजे टँकरच्या मोजक्या खेपा. गाळ खडी-वाळूच्या वाफ्यांवर ओततात. वाफ्यांत बोरूसारखे गवत असते. त्याच्या मुळांमुळे वाफा तुंबत नाही. पाणी झिरपून पुढच्या खडीच्या गाळणीत आणि मग तळ्यात जाते, घट्ट भाग वरच सुकत राहतो. सगळे काम उतारावर चालते, शुद्धीकरणाला वीज लागत नाही. जंतांची अंडी मात्र चिवट असतात, म्हणून हा गाळ दीर्घकाळ सुकू दिल्याशिवाय शेतात टाकता येत नाही.

माझ्या मते यातली मोठी गोष्ट केंद्र नसून टँकरचे वेळापत्रक आहे. टाकी तुंबल्यावर फोन करायचा ही आपली सर्वत्रची रीत. इथे ठरल्या पाळीने टाक्या उपसायचे ठरले. पण टँकर गाळ नेतो, जमिनीत मुरलेले पाणी नेत नाही. दाट वस्तीला भुयारी गटार लागणारच, आणि तिच्या नळ्या जमीन गोठते त्या थराच्या खाली पुराव्या लागतात.

मराठी पर्यटकांनी एक ध्यानात ठेवावे. डोकेदुखी आणि मळमळ विरळ हवेने होऊ शकते. जुलाब हे त्या आजाराचे नेहमीचे लक्षण नव्हे. तिथे पाण्याचा संशय घ्यावा आणि उकळलेलेच प्यावे.

जानेवारीत पारा शून्याखाली वीसच्या आसपास जातो, नळ गोठतात आणि फ्लश मुका होतो. ज्या घरांनी जुनी कोठडी बुजवलेली नाही, तिथे पुन्हा फावडे हातात घेतात.