युद्धोत्तर सलोख्याविषयीच्या अभिवृत्तीचे मापन : रवांडाच्या संदर्भात

प्रस्तावना :
रवांडात १९९० मध्ये सुरू झालेल्या यादवी युद्धाच्या काळातच १९९४ चा नरसंहार घडला. सुमारे शंभर दिवसांत अंदाजे ८ लाख लोक मारले गेले. त्यांत तुत्सी बहुसंख्य होते. पुढे वाचलेल्यांना अनेक ठिकाणी मारेकऱ्यांच्या शेजारीच राहावे लागले. अशा समाजातील सलोखा मोजता येतो काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मापनाची पद्धती :
सलोखा ही अमूर्त संकल्पना असल्याने प्रथम तिचे मोजता येतील असे घटक ठरवावे लागतात. फाम, वाइनस्टाइन व लाँगमन यांनी २००२ मध्ये २,०९१ प्रौढांचे सर्वेक्षण करून २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. समुदायावरील विश्वास, अहिंसा, सामाजिक न्याय आणि इतर वांशिक गटांशी परस्परावलंबन हे चार घटक त्यांनी मानले. सुमारे २५ टक्के प्रतिसादकांत आघातोत्तर ताणविकृतीची लक्षणे आढळली. अशा व्यक्तींची समुदायावरील विश्वास व परस्परावलंबन यांविषयीची अभिवृत्ती तुलनेने कमी अनुकूल होती. म्हणजेच प्रतिकूल उत्तरामागे द्वेषच असेल असे नाही. न भरलेली जखमही असू शकते.

मापनाच्या मर्यादा :
राष्ट्रीय एकता व सलोखा आयोगाच्या पाहणीत सलोख्याचे प्रमाण २०१० मध्ये ८२.३, २०१५ मध्ये ९२.५ आणि २०२० मध्ये ९४.७ टक्के नोंदले गेले. ही वाढ लक्षणीय आहे. तथापि, आयोग शासकीय होता आणि 'नरसंहाराची विचारसरणी' बाळगणे २००८ च्या कायद्याने दंडनीय ठरले होते. अशा स्थितीत प्रतिसादकाने मनातले उत्तर दिले की सुरक्षित उत्तर दिले, हे केवळ टक्केवारीवरून कळत नाही. सामाजिक इष्टतेच्या दोषात येथे भीतीची भर पडू शकते. यावर अंशतः उपाय म्हणजे मताबरोबर व्यवहारही विचारणे. बोगार्डस यांच्या सामाजिक अंतर श्रेणीत शेजार, मैत्री, विवाहसंबंध अशा पायऱ्या आहेत. 'क्षमा केली' असे सांगणे आणि त्याच घरी आपले मूल सोपवणे यांतील अंतर अशा प्रश्नांतून दिसू शकते.

निष्कर्ष :
१. सहजीवन, विश्वास व क्षमा यांचे मापन स्वतंत्रपणे करावे.
२. अभिवृत्तीबरोबर मानसिक आघाताचीही नोंद घ्यावी.
३. प्रश्न कोणी व कोणत्या परिस्थितीत विचारले, हे निष्कर्षांसोबत नमूद करावे.

क्षमा करणे हे वाचलेल्या व्यक्तीचे कर्तव्य नव्हे. कमी गुण मिळालेल्या प्रतिसादकास सलोख्यातील अडथळा ठरविल्यास मापनच त्याच्यावर दुसरा अन्याय करील.