कलेजीतले व्होल्ट

रविवारी सकाळी बिबवेवाडीतल्या मटणाच्या दुकानात तोलली जाणारी कलेजी कालपर्यंत विजेवर चालत होती, असं सांगितलं तर गिऱ्हाईक हसेल. पण यकृताच्या एकेका पेशीत हजारभर तरी तंतुकणिका, म्हणजे मायटोकाँड्रिया असतात. जिवंतपणी त्यांच्या आतल्या पटलाच्या दोन बाजूंत साधारण 150 ते 180 मिलिव्होल्टचा फरक असतो. आकडा किरकोळ; पण पटल जेमतेम सहा नॅनोमीटरचं, म्हणजे हिशेब मीटरमागे सुमारे तीन कोटी व्होल्टवर जातो. याच विद्युतदाबावर एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, तयार होतं, हे पीटर मिचेल यांनी 1961 मध्ये मांडलं. नोबेल मिळायला 1978 उजाडलं.

हा दाब मोजायचा तर दुकानातली कलेजी चालत नाही. उबेत पटलं लवकर गळकी होतात. ताजं यकृत बर्फावर साखरेच्या द्रावणात घोटायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये हळू फिरवून केंद्रकं खाली बसवायची, मग वरचा द्रव जोरात फिरवून तंतुकणिकांचा तपकिरी साका मिळवायचा. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात कट्यारे, फातर्पेकर आणि श्रीनिवासन यांनी 1970 च्या सुमारास उंदरांच्या यकृतातल्या या कणांचे वजनानुसार गट पाडून थायरॉईड संप्रेरकाचा परिणाम तपासला होता.

एवढ्याशा कणात तार कशी खुपसणार? म्हणून धनभारित, चमकणारा रंग वापरतात: रोडामाइन 123, टीएमआरएम, सॅफ्रॅनिन. कणाची आतली बाजू ऋण, त्यामुळे रंग आत ओढला जातो. दर 60 मिलिव्होल्टमागे दसपट. 180 ला हजारपट.

खरी गंमत, आणि फसगतही, पुढे आहे. आत रंग फार दाटला की त्याचे रेणू एकमेकांची चमक विझवतात. म्हणजे दाब चढतो आणि उजेड मात्र उतरतो! रंग अगदी थोडा घातला, तर सूक्ष्मदर्शकाखाली तोच कण दाबाबरोबर उजळतो. जेसी-1 या रंगाचं तिसरंच: दाटला की हिरव्याचा लाल होतो.

त्यामुळे नुसत्या चमकेवर माझा विश्वास नाही. एडीपी, म्हणजे एटीपीचा कच्चा माल, घातल्यावर दाब किंचित उतरून पुन्हा सावरला, तर कण धडधाकट. शेवटी एफसीसीपी हे पटल गळकं करणारं रसायन घालून दाब पार घालवायचा. ती शून्याची खूण. मिलिव्होल्ट हवे असतील, तर पटलातून पोटॅशियम जाऊ देणारं व्हॅलिनोमायसिन आणि पोटॅशियमची ठरावीक प्रमाणं वापरून मोजपट्टी आखावी लागते.

‘पेशींची ऊर्जा वाढवणाऱ्या’ गोळीच्या जाहिरातीत लालभडक पेशींचा फोटो दिसला, तर विक्रेत्याकडे एफसीसीपी घातल्यानंतरचाही फोटो मागा.