तासाला किती? आणि वर टीप किती?

आयेल्ट्सचा स्कोअर, लोनची फाइल, व्हिसाची तारीख... या सगळ्या धावपळीत एक वाक्य तुमच्या कानावर हमखास पडलेलं असणार. ‘अरे, तिकडे पार्टटाइम केलंस ना, की राहण्या-खाण्याचा खर्च आरामात निघतो!’ सांगणारा कुणाचा तरी मावसभाऊ असतो, नाहीतर एजंट. मग आपण मोबाइलवर कॅलक्युलेटर उघडतो. तासाला बारा पौंड, म्हणजे बाराशे रुपयांच्या पुढे! दिवसाला चार तास केले तरी... आणि डोळे चमकतात.

थांबा. गुणाकार बरोबर आहे, पण गणित चुकीचं मांडलंय.

आपल्याला मुळात तासावर मोजायची सवय नाही. आपल्याकडे काम एकतर रोजावर असतं, नाहीतर महिन्यावर. विद्यापीठाच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेत काम केलं असेल, तर तासाचं मानधन काय असतं ते तुम्हाला ठाऊक असेल. बाकीच्यांची तासाच्या भावाशी पहिली गाठ पडते ती परदेशात. तिथे विचारायचा प्रश्न ‘रुपयात किती?’ हा नसून ‘तिथलं भाडं भरायला किती तास राबायचं?’ हा आहे.

ब्रिटनचंच घ्या. एप्रिल 2025 मध्ये तिथे 21 वर्षांवरच्यांसाठी तासाचं किमान वेतन 12.21 पौंड झालं. पण 18 ते 20 वयोगटासाठी ते फक्त 10 पौंड. बारावीनंतर लगेच गेलात, तर तुमचा भाव आपोआप कमी. डिग्री कोर्सच्या स्टुडंट व्हिसावर कॉलेज सुरू असताना आठवड्याला 20 तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. म्हणजे सगळे तास मिळाले, एकही शिफ्ट हुकली नाही, तरी महिन्याला साधारण 1,058 पौंड. वय कमी असेल तर 867. आता दुसरा आकडा बघा. लंडनमध्ये शिकणाऱ्याला महिन्याच्या राहण्या-खाण्यासाठी खात्यात किती पैसे दाखवावे लागतील, हे ब्रिटिश सरकारच ठरवतं. 2025 च्या सुरुवातीला तो आकडा होता 1,483 पौंड. फी वेगळी! थोडक्यात, ‘पार्टटाइमवर सगळं निघतं’ हे तिथल्या सरकारच्या हिशोबातसुद्धा बसत नाही.

अमेरिकेत तर ‘देशाचा दर’ विचारण्यात फारसा अर्थच नाही. केंद्राचं किमान वेतन तासाला 7.25 डॉलर आहे आणि ते जुलै 2009 पासून हललेलं नाही. टेक्सासमध्ये आजही तेच चालतं. कॅलिफोर्नियात मात्र 2025 साली हाच दर 16.50 डॉलर होता. एकच देश, एकच काम, दुपटीहून जास्त फरक! (अर्थात घरभाड्यातही फरक आहेच.) आणि एफ-1 व्हिसावर पहिल्या वर्षी कॅम्पसबाहेर नोकरी करता येत नाही. लायब्ररी, कॅफेटेरिया, लॅब एवढंच. सिनेमात बघून ‘रेस्टॉरंटमध्ये वेटर होईन’ असं ठरवलं असेल, तर तो बेत कागदोपत्री बेकायदा आहे.

पण त्या रेस्टॉरंटमध्ये गिऱ्हाईक म्हणून तर जाल ना? तिथे खरी गंमत आहे. ज्यांना टीप मिळते अशा कामगारांना मालकाने तासाला फक्त 2.13 डॉलर दिले तरी केंद्राच्या कायद्याला ते चालतं. टिपांसकट बेरीज 7.25 च्या खाली आली, तरच उरलेले पैसे मालकाने भरायचे. हा 2.13 चा आकडा 1991 चा आहे! तेव्हा किमान वेतन 4.25 होतं आणि हा त्याचा अर्धा भाग. 1996 मध्ये संसदेने किमान वेतन वाढवलं, पण हा अर्धा तिथेच गोठवला. म्हणून साठ डॉलरच्या बिलावर बारा डॉलर टीप ठेवताना जीव कितीही खालीवर झाला, तरी लक्षात घ्या: ती खुशाली नव्हे, समोरच्याचा पगार आहे. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, मिनेसोटा अशा सात राज्यांत ही सवलत मालकांना नाही, पण टीपची पद्धत तिथेही तीच. मात्र काउंटरवर उभ्याने कॉफी घेताना टॅब्लेटवर 18, 20, 25 टक्के असे पर्याय झळकले, तर बिनधास्त ‘नो टिप’ दाबा. कुणी काही म्हणत नाही.

या पद्धतीचा इतिहास फारसा गोड नाही. अमेरिकन यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीने रेल्वेच्या झोपण्याच्या डब्यांत कृष्णवर्णीय माणसं पोर्टर म्हणून ठेवली. सुरुवातीच्या काळात त्यातले अनेकजण नुकतेच गुलामीतून सुटलेले होते. पगार तुटपुंजा, बाकी प्रवाशांच्या मर्जीवर. या पोर्टरांनी 1925 मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली युनियन काढली आणि कंपनीशी पहिला करार व्हायला 1937 साल उजाडलं. पुढच्याच वर्षी किमान वेतनाचा कायदा आला, पण हॉटेल-रेस्टॉरंटवाले त्यात यायला 1966 उजाडलं, आणि तेही टीप वेतनात धरायची मुभा देऊनच.

ब्रिटनने उलटी वाट धरली. तिथे 2009 पासून टीप किमान वेतनात धरता येत नाही. ऑक्टोबर 2024 पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये आलेली सगळी टीप कामगारांपर्यंत पोहोचवणं मालकावर बंधनकारक आहे. बिलात सव्वाबारा-साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज आधीच लावलेला असेल, तर वर आणखी ठेवायची गरज नाही.

जर्मनीत टीपला ‘ट्रिंकगेल्ड’ म्हणतात, म्हणजे पिण्याचे पैसे. फ्रेंच ‘पूरब्वार’चा अर्थही तोच. रशियन लोक ‘चहासाठी’ म्हणतात. आपलं ‘चहापाणी’ आठवलं ना? फक्त आपल्याकडे त्या शब्दाला सरकारी ऑफिसचा वास आला, म्हणून हॉटेलात आपण ‘टीप’ म्हणतो. जर्मनीत पैसे टेबलावर ठेवून उठायचं नसतं. बिल 27.40 युरो असेल, तर पैसे देताना ‘तीस’ म्हणायचं, झालं. तिथे किमान वेतन 2015 मध्येच आलं, 8.50 युरोवर, 2025 मध्ये ते 12.82 होतं.

जपानमध्ये तर विषयच संपला. टीप ठेवून निघालात, तर ‘पैसे विसरलात’ म्हणून वेटर मागे धावत येऊ शकतो. टोकियोत ऑक्टोबर 2025 पासून किमान वेतन तासाला 1,226 येन आहे आणि वेगळी परवानगी काढली, तर विद्यार्थ्याला आठवड्याला 28 तास काम करता येतं.

आणि आपल्या पुण्या-मुंबईत? बिलात आपोआप लावलेला सर्व्हिस चार्ज तुम्ही नाकारू शकता. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये तशी नियमावली काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ती उचलून धरली. चार्ज काढायला लावा जरूर, पण मग वेटरच्या हातात काही ठेवा की राव!

आता ऑस्ट्रेलिया. टीपची सक्ती नाही, पगार घसघशीत. जुलै 2025 पासून तासाला 24.95 ऑस्ट्रेलियन डॉलर. कॅज्युअल म्हणून घेतलं, तर सुट्ट्या मिळत नाहीत, त्याबदल्यात 25 टक्के जास्त. ऐकायला स्वर्ग! पण 2015 मध्ये तिथे सेव्हन-इलेव्हनच्या दुकानांची भानगड बाहेर आली, ती प्रत्येकाने निघण्याआधी समजून घ्यावी. रात्रीच्या काउंटरवर बहुतेक परदेशी विद्यार्थी, त्यात भारतीयही भरपूर. तेव्हा मर्यादा पंधरवड्याला 40 तासांची, म्हणजे आठवड्याला सरासरी 20 तासांची होती. काही दुकानदार पोरांकडून चाळीस तास काम करून घ्यायचे आणि कागदावर वीसच दाखवायचे. म्हणजे तासाचा दर निम्मा. तक्रार करणार कोण? ‘तू मर्यादा मोडलीस, व्हिसा रद्द करवीन,’ एवढी धमकी पुरे व्हायची. पत्रकारांनी प्रकरण उघड केल्यावर कंपनीला कामगारांना 15 कोटी डॉलरहून जास्त रक्कम परत करावी लागली.

आता तिथली मर्यादा पंधरवड्याला 48 तास आहे, आणि कमी पगाराची तक्रार केली म्हणून व्हिसा जाऊ नये, अशी सोयही केलेली आहे. तरी ‘कॅश देतो, जरा कमी घे, आपलाच माणूस आहेस’ म्हणणारा मालक कुठल्याही देशात भेटू शकतो, आणि बऱ्याचदा तो आपलीच भाषा बोलत असतो. तेव्हा पहिल्या दिवशी लाजू नका. दर विचारा, तो लेखी मागा आणि केलेले तास स्वतःच्या डायरीत रोज लिहून ठेवा. ऑस्ट्रेलियात पगार झाल्यापासून एका कामकाजाच्या दिवसात पेस्लिप मिळायलाच हवी. नाही मिळाली, तर दुसऱ्या दिवशी मागा.