ज्यात खलनायकच नाही असे दुःस्वप्न : ‘ब्राझील’

सरकारी कचेरीच्या छतापाशी एक माशी घोंगावत असते. तिथला कर्मचारी खुर्ची-टेबलावर चढून तिला मारतो. मेलेली माशी नेमकी खाली चालू असलेल्या छपाईयंत्रात पडते आणि अटकेच्या आदेशांत एका आडनावाचे पहिले अक्षर बदलते. ‘टटल’चा ‘बटल’ होतो. त्या एका अक्षरापायी जोडे दुरुस्त करणारा एक निरपराध गृहस्थ नाताळाच्या दिवसांत बायकामुलांदेखत उचलला जातो आणि चौकशीत मरतो. टेरी गिलियम यांच्या ‘ब्राझील’ (१९८५) या चित्रपटाची ही सुरुवात. कारकुनी कारभाराच्या भीषणतेवर इतका हसवणारा आणि त्याच वेळी इतका हादरवणारा दुसरा चित्रपट सापडणे कठीण.

माणसाची पावती

कथा घडते ‘विसाव्या शतकात कुठेतरी’. पडद्यावर एवढेच सांगितले जाते. देशाचे नाव नाही, साल नाही. तिथे माहिती मंत्रालयाची सत्ता आहे. बटलला पकडायला आलेली पथके वरच्या मजल्यावरच्या घराची जमीन गोल कापून त्याच्या बैठकीत उतरतात आणि त्याला पोत्यात बांधून नेतात. मागे राहिलेला अधिकारी अत्यंत अदबीने बटलच्या बायकोच्या सह्या घेतो. नवरा ताब्यात घेतल्याची पावती तिला देतो आणि ती पावती मिळाल्याची पावती स्वतःकडे ठेवतो. थोड्या वेळाने जमिनीचे भोक बुजवायला कामगार येतात. त्यांनी आणलेले झाकण मापात बसत नाही आणि खाली पडते, कारण मोजमापाची पद्धत बदलल्याचे त्यांना कोणी कळवलेलेच नसते.

इथला कैदी आपल्या चौकशीचा खर्चही स्वतःच भरतो. बटलकडून चुकून जास्त रक्कम वसूल झाली, म्हणून मंत्रालय फरकाचा धनादेश काढते. माणूस मेला याची खंत कोणालाच नाही. हिशेब जुळत नाही याचा मात्र साऱ्या खात्याला घोर लागतो. अभिलेख विभागाचा साहेब कुर्ट्झमन (इयन होम) हा धनादेश पाहून अक्षरशः घाबरतो आणि सही टाळण्यासाठी हात दुखावल्याचे निमित्त करतो. शेवटी हे काम त्याच्या हुशार पण महत्त्वाकांक्षा नसलेल्या कारकुनाच्या गळ्यात पडते. हा कारकून म्हणजे नायक सॅम लाउरी (जोनाथन प्राइस). धनादेश घेऊन तो बटलच्या घरी जातो, तेव्हा ती बाई त्याला एकच गोष्ट विचारते : माझ्या नवऱ्याचा देह कुठे आहे? या प्रश्नासाठी सॅमकडे कोणताही नमुना-अर्ज नसतो.

छताला पडलेल्या त्याच भोकातून सॅमला वर राहणारी जिल (किम ग्रीस्ट) दिसते. त्याच्या स्वप्नांत रोज येणारी मुलगी हीच. बटलवर झालेल्या अन्यायाची तक्रार घेऊन ती एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर हेलपाटे घालते आहे, आणि तक्रार करते म्हणूनच संशयित ठरते आहे. तिची माहिती मिळवण्यासाठी सॅम आजवर नाकारलेली बढती पत्करतो आणि यंत्रणेच्या गाभ्यात शिरतो.

प्रत्येक जण आपले काम चोख करतो

हुकूमशाहीवरच्या कथांत बहुधा एक क्रूर सत्ताधीश असतो. ‘ब्राझील’मध्ये तो नाही, आणि हेच त्याचे सर्वांत मोठे वेगळेपण. उपमंत्री हेल्पमन (पीटर वॉन) हे वडीलधाऱ्या वळणाचे, गोड बोलणारे गृहस्थ. बॉम्बस्फोटांना तेराव्या वर्षीही आळा का बसत नाही, असे मुलाखतकार विचारतो, तेव्हा विरोधकांना नवशिक्याचे नशीब लाभले आहे, असे उत्तर ते शांतपणे देतात.

सॅमचा मित्र जॅक लिंट तर याहून भयंकर. मायकेल पेलिन यांच्यासारखा लाघवी चेहऱ्याचा नट गिलियमनी या भूमिकेसाठी निवडला. रॉबर्ट डी निरो यांना हीच भूमिका हवी होती, पण ती आधीच पेलिन यांना दिलेली होती. जॅक प्रेमळ बाप आहे, मित्राला सल्ला देणारा आहे आणि कैद्यांचा छळ हा त्याचा पेशा आहे. त्याच्या कचेरीत त्याची छोटी मुलगी खेळत असते आणि अंगरख्यावर रक्ताचे डाग असतात. वरिष्ठांनी आपल्या बायकोला चुकीच्या नावाने हाक मारली, तर तो त्यांची चूक दुरुस्त करत नाही. पुढे स्वतःच तिला त्या नावाने हाक मारू लागतो. बटलच्या मृत्यूचा दोषही तो स्वतःकडे घेत नाही. बटलला हृदयविकार होता, पण टटलच्या फाइलमध्ये त्याची नोंद नव्हती, हे त्याचे स्पष्टीकरण. त्याच्या टेबलापुरते ते बिनचूक आहे!

यंत्रणेबाहेरचा एकच माणूस दिसतो : खरा टटल. डी निरो यांनी शेवटी ही छोटी भूमिका केली. टटल हा वातानुकूलनाचा तंत्रज्ञ. कागदपत्रांना कंटाळून त्याने सरकारी सेवा सोडली आहे. रात्री लपतछपत येऊन तो लोकांच्या घरची बिघडलेली यंत्रे दुरुस्त करतो. राज्याच्या लेखी तो दहशतवादी, कारण तो अर्जाशिवाय काम करतो. उलट अधिकृत तंत्रज्ञांना सॅम ‘२७ब/६’ हा फॉर्म मागतो, तेव्हा त्यांना हात हलवत परत जावे लागते. हा क्रमांक जॉर्ज ऑर्वेल यांच्या लंडनमधल्या घराची आठवण म्हणून घेतलेला आहे. कॅननबरी चौकातल्या २७ब या घरात ते राहत असत.

जुनाट भविष्यकाळ

या चित्रपटातले भविष्य चकचकीत नाही. संगणक आहेत, पण त्यांचे पडदे तळहाताएवढे आणि वाचण्यासाठी पुढे मोठे भिंग लावलेले. कळफलक जुन्या टंकलेखन यंत्राचे. कपडे आणि टोप्या १९४०च्या आसपासच्या. सॅमची मोटार म्हणजे मेसरश्मिट कंपनीची बुटकी तीनचाकी. आणि सगळीकडे नळ्या : उपाहारगृहात, झोपडीत, महालात, भिंती फोडून गेलेल्या जाडजूड नळ्या. बढतीनंतर सॅमला मिळालेली खोली इतकी अरुंद की एकच टेबल मधल्या भिंतीतून शेजारच्या खोलीत गेलेले असते आणि दोघे कर्मचारी ते आपापल्या बाजूला ओढत राहतात.

कलादिग्दर्शक नॉर्मन गारवुड आणि छायालेखक रॉजर प्रॅट यांनी हे जग उभारताना खऱ्या वास्तूंचाही उपयोग केला. पॅरिसजवळ नॉझी-ल-ग्राँ इथे रिकार्डो बोफिल या वास्तुविशारदाने बांधलेली ‘अब्राक्सास’ ही अवाढव्य गृहवसाहत त्यात दिसते. शेवटचा छळकक्ष तर इंग्लंडमधल्या क्रॉयडन वीजकेंद्राच्या शीतन-मनोऱ्यात चित्रित झाला. त्या प्रचंड गोल पोकळीच्या मध्यभागी खुर्चीला बांधलेला सॅम आणि बाळाचा मुखवटा घालून त्याच्याकडे येणारा जॅक, हे दृश्य विसरता येत नाही.

कल्पनेचे उगम

गिलियम मूळचे अमेरिकेतल्या मिनिआपोलिसचे. ‘माँटी पायथन’ या ब्रिटिश विनोदी संचातले ते एकमेव अमेरिकी, आणि त्या कार्यक्रमांतली विक्षिप्त कात्रणचित्रे त्यांचीच. ‘ब्राझील’चे बीज त्यांना वेल्समधल्या पोर्ट टॅलबट या पोलादनगरीत सापडले. तिथला किनारा कोळशाच्या भुकटीने काळा पडला होता. अशा ठिकाणी एखादा माणूस सूर्यास्ताला रेडिओवर दूरदेशीचे स्वप्नाळू गाणे ऐकत बसला आहे, असे चित्र त्यांच्या मनात उमटले. दुसरे बीज सतराव्या शतकातले. चेटकीण ठरवलेल्या बायकांकडून त्यांच्याच छळाचे शुल्क वसूल केले जाई, हे त्यांच्या वाचनात आले होते.

चित्रपटाला नाव मिळाले ते ‘आक्वारेला दो ब्राझील’ या गाण्यावरून. आरी बारोसो यांनी ते १९३९ मध्ये रचले, तेव्हा खुद्द ब्राझीलमध्ये गेतुलिओ व्हार्गास यांची हुकूमशाही होती. मायकेल केमन यांनी ही धून साऱ्या पार्श्वसंगीतातून फिरवली आहे. पटकथेत गिलियम यांच्याबरोबर चार्ल्स मॅकिओन आणि नाटककार टॉम स्टॉपर्ड होते.

अडकलेली फाइल

सुमारे दीड कोटी डॉलरचा, १४२ मिनिटांचा हा चित्रपट फेब्रुवारी १९८५ मध्ये ब्रिटनमध्ये प्रदर्शित झाला. अमेरिकेत मात्र युनिव्हर्सल कंपनीने तो अडवला. प्रमुख सिड शाइनबर्ग यांना लांबी कमी हवी होती, आणि मुख्य म्हणजे शेवट सुखाचा हवा होता. मूळ शेवटात टटल येऊन सॅमची सुटका करतो, मग हवेत उडणारे कागद टटललाच वेढून गिळून टाकतात, आणि सॅम जिलसह हिरव्या दरीत पोहोचतो. पण हे सगळे त्याच्या मनात घडते आहे. खरा सॅम त्याच खुर्चीत आहे, भान हरपलेला, तेच गाणे गुणगुणणारा.

कंपनीने स्वतःच्या हिशेबाने दुसरे संकलन सुरू केले. गिलियमनी ऑक्टोबर १९८५ मध्ये ‘व्हरायटी’ या व्यवसायपत्रात पूर्ण पानाची जाहिरात दिली. काळ्या चौकटीतल्या जवळजवळ कोऱ्या पानावर शाइनबर्ग यांना एकच प्रश्न होता : माझा चित्रपट कधी प्रदर्शित करणार? सोबत त्यांनी समीक्षकांना चित्रपट खासगीरीत्या दाखवायला सुरुवात केली. डिसेंबरमध्ये लॉस एंजलिसच्या चित्रपट समीक्षक संघाने अमेरिकेत अजून प्रदर्शितही न झालेल्या ‘ब्राझील’ला सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि पटकथा असे तिन्ही पुरस्कार दिले. आता कंपनीचा नाइलाज झाला. गिलियम यांनी स्वतः कापलेली १३२ मिनिटांची आवृत्ती त्याच महिन्यात पडद्यावर आली. पुढे पटकथा आणि कलादिग्दर्शनासाठी ऑस्कर नामांकने मिळाली, आणि १९९९ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या शंभर श्रेष्ठ ब्रिटिश चित्रपटांत त्याला ५४वे स्थान मिळाले.

कंपनीची ९४ मिनिटांची आवृत्ती पुढे अमेरिकी दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. तिच्यात स्वप्ने छाटली आहेत आणि सॅम-जिल सुखरूप निसटतात. जिज्ञासूंनी आधी १४२ मिनिटांचा ‘ब्राझील’ पाहावा आणि मग ही आवृत्ती. सुटका खरी ठरली की बटलचा मृत्यू एक किरकोळ अपघात उरतो आणि यंत्रणा निर्दोष सुटते. गिलियम ज्यासाठी महिनोन्‌महिने भांडले, ते हेच होते : ज्या व्यवस्थेत कोणीच दोषी नसतो, तिच्यातून सुटण्याचा सोपा मार्ग दाखवणे म्हणजे प्रेक्षकाशी खोटे बोलणे. चाळीस वर्षांनंतरही हा चित्रपट ताजा आहे तो या प्रामाणिकपणामुळे.