मोजमापाचा आधार

विमानाच्या इंजिनाचा कोणताही भाग अगदी तंतोतंत मापाचा बनविणे अशक्य असते. म्हणून मापात किती फरक चालेल याची मर्यादा आराखड्यातच आखून दिलेली असते. या मर्यादेला 'टॉलरन्स' म्हणतात. साध्या भागांच्या तपासणीस मायक्रोमीटर व गेज पुरतात. गुंतागुंतीच्या भागांसाठी त्रिमितीय मापनयंत्र लागते. त्याची बारीक सळई भागाला ठिकठिकाणी स्पर्श करते आणि त्या त्या बिंदूचे स्थान नोंदविते. परंतु स्थान हे नेहमी कशाच्या तरी संदर्भातच सांगता येते. हा संदर्भ म्हणजे मोजमापाचा आधार. तोच अयोग्य असेल, तर अत्यंत सूक्ष्म मोजमापही फसवे ठरते.

4 नोव्हेंबर 2010 रोजी याचा प्रत्यय आला. सिंगापूरहून सिडनीकडे निघालेल्या क्वांटास कंपनीच्या एअरबस ए-380 विमानाचे एक इंजिन बाटाम बेटावर असताना फुटले. टर्बाइनच्या तबकडीचे तुकडे पंखातून आरपार गेले. वैमानिकांनी विमान सिंगापूरला सुखरूप परत आणले, म्हणूनच 469 जणांचे प्राण वाचले.

ऑस्ट्रेलियाच्या चौकशी यंत्रणेने 2013 साली आपला अंतिम अहवाल दिला. रोल्स-रॉइसच्या त्या इंजिनातील तेलाची एक आखूड नळी तडकली होती. गळालेल्या तेलाने पेट घेतला आणि तबकडी आपल्या आधारापासून सुटून बेफाम फिरू लागली. नळी तडकण्याचे कारण असे, की गाळणी बसविण्यासाठी तिचे तोंड आतून कातून रुंद करताना ते छिद्र मध्यापासून सरकले होते. त्यामुळे नळीची भिंत एका बाजूस अर्ध्या मिलीमीटरहूनही पातळ राहिली.

तपासणीत हा दोष का सापडला नाही? छिद्र नळीशी समकेंद्री असावे, असा मूळ हेतू होता. मात्र जोडणीनंतर नळीचा आधार हाती लागत नसल्याने, कारखान्याच्या आराखड्यात शेजारच्या सांगाड्यातील छिद्राचा आधार घेतला गेला. नळी व सांगाडा यांचे परस्परस्थान बदलत नाही, असे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात कातकामाच्या वेळी ते थोडे ढळू शकत होते. यंत्राने सांगाड्यापासूनचे अंतर मोजले. भिंतीची जाडी मोजली नाही.

या घटनेनंतर तशाच इंजिनांच्या नळ्या पुन्हा मोजण्यात आल्या आणि पातळ भिंतीच्या नळ्या असलेली इंजिने सेवेतून काढण्यात आली. माप किती सूक्ष्म आहे याबरोबरच ते कोठून घेतले, हेही तपासनिसाने पाहावयाचे असते.